चौथ्या पिढीच्या आय-थ्रीवर लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री लॅपटॉप, ८ जीबी रॅम, २४० जीबीची साटा एसएसडी आणि त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम, सिनॅमन आवृत्ती. काम म्हणजे मराठी लेखन, हिशोबाच्या शीट, ब्राउझर आणि व्हिडिओ. काही महिन्यांनंतरचं मत असं की सिस्टीम बसवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. डोकं खातात ते मराठी टायपिंग, फॉन्ट आणि प्रिंटर. त्यातले पहिले दोन कायमचे सुटतात, तिसऱ्याचं नशिबावर.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि साधारण आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर ते अधिकृतपणे घेत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत, म्हणजे अशा मशीनला अजून काही वर्षं मिळतात.

मात्र जुनी ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क तशीच ठेवून मिंट टाकलं तर फरक जाणवणार नाही. आधी एसएसडी. २.५ इंची, ७ मिलिमीटर जाडीची घ्यावी; खाच ९.५ मिलिमीटरची असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावावी, नाहीतर ती आत हलते. रॅम घेताना डीडीआर-थ्री-एल, १.३५ व्होल्टची मागावी. १.५ व्होल्टची साधी डीडीआर-थ्रीही त्याच २०४ पिनांत बसते, पण या पिढीच्या बहुतेक लॅपटॉपांत मग स्क्रीन काळीच राहते आणि दोष मदरबोर्डावर जातो. रॅम ४ जीबीच ठेवायची असेल तर सिनॅमनऐवजी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

पेनड्राइव्हवर मिंट चालवून पाहिल्याशिवाय डिस्कला हात लावू नये. त्या लाइव्ह सत्रात वायफाय, आवाज, टचपॅड, झाकण मिटल्यावरची झोप आणि प्रिंटर एवढं तपासून घ्या. वायफाय दिसत नसेल तर घाबरायचं कारण नाही. काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक चिप्सचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो, आणि त्यासाठी इंटरनेट हवं असतं. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं की लॅपटॉपला इंटरनेट मिळतं. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्यायचा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, साटा मोड 'रेड' किंवा 'आरएसटी'वर असतो, तो 'एएचसीआय' करावा लागतो. विंडोजही ठेवायचं असेल तर हा बदल थेट करू नका, विंडोज बूट होणं थांबतं.

दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवणाऱ्यांना दोन गोष्टी हमखास छळतात. पहिली, विंडोजच्या ड्राइव्हवर मिंटमधून काही लिहिता येत नाही, नुसतं वाचता येतं. 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं आणि ड्राइव्ह कुलूपबंद ठेवतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती खूण काढली की झालं. दुसरी, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. लिनक्स मदरबोर्डावरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल'ला 'सेट-लोकल-आरटीसी १' सांगितलं की दोघांचं जुळतं. घड्याळ दर वेळी काही वर्षं मागे जात असेल तर मात्र दोष सॉफ्टवेअरचा नाही, मदरबोर्डावरचा सेल संपलाय. बहुतेकांत तो सीआर २०३२, ३ व्होल्टचा असतो. लॅपटॉपांत अनेकदा वायर जोडलेला मिळतो. तो बदलेपर्यंत निम्म्या वेबसाइट प्रमाणपत्र चुकीचं असल्याचं सांगतात आणि अपडेटही अडतात, कारण मशीनच्या मते ती प्रमाणपत्रं अजून जन्मलेलीच नाहीत.

आता मराठी. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाणित कळफलक, येत असेल तर काहीही वेगळं घ्यावं लागत नाही: सिस्टीम सेटिंग्ज, कीबोर्ड, लेआउट्स, आणि अधिकच्या चिन्हावरून 'मराठी एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट'. इंग्रजी पहिल्या क्रमांकावरच राहू द्या, नाहीतर लॉक स्क्रीनवर पासवर्ड मराठीत उमटत राहतो आणि ठिपक्यांमुळे ते कळतही नाही. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' मधला अर्धा र काढताना शिफ्ट धरून 'जे' दाबायचं, मग 'डी', मग तिरकी रेघ. साधा र घेतला तर 'दुसर्या' असा रफार चढतो. 'ॲ'च्या जागी 'ऍ' उमटत असेल तर तोही दुरुस्त करून घ्या, कारण दिसायला भावंडं वाटली तरी ती दोन वेगळी अक्षरं आहेत आणि एक शोधलं तर दुसरं सापडत नाही.

रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांचा रस्ता थोडा लांब. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'आयबस एम-१७-एन' हे टायपिंगचं साधन घ्यायचं, 'इनपुट मेथड'मध्ये आयबस निवडायचं, लॉगआउट करून परत यायचं, आणि आयबसच्या पसंतींत मराठीचं फोनेटिक किंवा आयट्रान्स जोडायचं. लॉगआउटची पायरी गाळली की 'चालतच नाही' अशी तक्रार सुरू होते. शब्द सुचवणारी पट्टी यात नाही, आणि तिची सवय असलेल्याला पहिला आठवडा जड जातो. फ्लॅटपॅक स्वरूपातली काही सॉफ्टवेअर आयबसला दाद देत नाहीत. तेच सॉफ्टवेअर 'डेब' स्वरूपात मिळालं तर ते घ्यावं.

लिबरऑफिसमध्ये देवनागरीसाठी फॉन्ट आणि आकार रोमनपेक्षा वेगळे ठेवले जातात. स्टाइलमध्ये एकच बदलला तर मराठी मजकूर जुन्या आकारातच राहतो. टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकॅल्स इथं जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा मराठी करा. हिंदी राहिली तर शुद्धलेखन तपासणी फसतेच, शिवाय नोटोसारख्या फॉन्टांत पाकळीचा ल आणि देठाचा श न येता हिंदी वळणाची अक्षरं येतात. मंगल फॉन्टातली वर्डची फाइल उघडली की तो फॉन्ट नसल्यानं ओळी सरकतात आणि पानं वाढतात किंवा घटतात. ऑप्शन्समधल्या 'फॉन्ट्स'खाली बदली तक्ता आहे, त्यात मंगलऐवजी मुक्ता किंवा नोटो नेमून ठेवता येतो. तरी छपाईला जाणारी फाइल पीडीएफ करूनच पाठवावी. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या जुन्या फायली इंग्रजी अक्षरांचा कचरा दाखवतात. त्याचा टीटीएफ फॉन्ट टाकला तर वाचता येतात, पण शोध किंवा दुरुस्ती हवी असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून र्‍हस्व इकार आणि रफार डोळ्यांनी तपासणं भाग आहे. कन्व्हर्टर नेमके तिथंच घसरतात.

प्रिंटर नेटवर्कवरचा, एअरप्रिंट (वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापण्याची पद्धत) समजणारा असेल तर आपोआप सापडतो. फक्त स्वतःच्या कंपनीची बंद भाषा कळणारे जुने छोटे लेझर प्रिंटर, जे झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानात दिसतात, ते कधी चालतात, कधी अपडेटनंतर रुसतात. त्यांच्यावर रोजचं पोट असेल तर एक विंडोज मशीन ठेवाच.

टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टीमच्या प्रती काढून ठेवणारं सॉफ्टवेअर, पहिल्याच दिवशी लावावं, पण साप्ताहिक दोन प्रतींवर. रोजच्या आणि तासाच्या प्रती चालू ठेवल्या तर २४० जीबीची एसएसडी भरते, आणि डिस्कवरचा सिस्टीमचा मूळ विभाग भरला की लॉगिननंतर काळा पडदा येतो. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-टू दाबून मजकुरी लॉगिन करावं आणि जुन्या प्रती उडवाव्यात. आपल्या फायलींचं 'होम' फोल्डर टाइमशिफ्ट आपणहून घेत नाही. फोटो आणि कागदपत्रांसाठी बाहेरची डिस्क वेगळी लागते. अपडेट मॅनेजरच्या 'ऑटोमेशन'मध्ये जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) काढून टाकण्याची खूण केली की बरीच जागा आपोआप सुटते.

झोपेच्या बाबतीत जुनं मशीन नव्यापेक्षा उजवं ठरतं: एस-थ्री, म्हणजे रॅम सोडून जवळपास सगळं बंद करणारी झोप असल्यानं झाकण मिटून रात्रभर ठेवलं तरी बॅटरी फारशी उतरत नाही. बॅटरी वाचवणारं टीएलपी हे सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर घ्या, पण मिंटचे स्वतःचे पॉवर मोड आणि टीएलपी एकत्र नांदत नाहीत, एकच निवडावं लागतं.

ज्यांचं काम टॅली, मॅक्रोंनी भरलेल्या एक्सेल शीट किंवा डिजिटल सहीच्या टोकनावर आहे, त्यांनी मुख्य मशीनवर हे करू नये. घरच्या अभ्यासाला, लेखनाला, आईवडिलांच्या ब्राउझरला मात्र नवा लॅपटॉप घेण्याआधी एसएसडी आणि एक पेनड्राइव्ह एवढाच खर्च करून पाहावा.