एमआरआयची सुई: गॅडोलिनियम का फेरिटिन?
आबांना एमआरआयला जळगावला नेलं तर सुईआधी क्रिएटिनिनचा (किडनी कशी चालते ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट मागितला, कारण सुईतलं गॅडोलिनियम, म्हणजे फोटो ठळक यावा म्हणून देतात ते औषध, मुख्यतः किडनीतून बाहेर पडतं आणि किडनी फारच खराब असली तर कातडी कडक होत जाण्याचा धोका असतो, हे २००६ ला लक्षात आलं. तरी १९८८ पासून वापरात आहे, फोटो झकास येतो, आज तरी हेच घ्या.

त्याच्या जागी वापरून बघतायत ते फेरिटिन म्हणजे आपल्याच अंगातलं लोह साठवणारं प्रोटीन, २४ तुकड्यांचा पोकळ गोळा, जेमतेम १२ नॅनोमीटरचा, पण आत साडेचार हजारापर्यंत लोहाचे अणू मावतात! लोहामुळं ते एमआरआयमधे दिसतं, आणि जीन बदलून त्याच्यावर कॅन्सरच्या पेशीला चिकटणारा तुकडा बसवतात, म्हणजे गाठ नेमकी उठून दिसावी. मला मनापासून हेच पटतं, पण अजून लॅबमधेच आहे ना, आपल्याकडं सुईत यायला वेळ आहे.