३०० ब्लॅकआउटच्या पुंगळ्या: कापून घडवाव्यात की तयार घ्याव्यात?

अमेरिकेत स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्या मराठी मित्रांसाठी हे लिहितोय. ३०० ब्लॅकआउट हे रायफलचं काडतूस, आणि पुंगळी म्हणजे त्याचं पितळी कवच. (भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे.)

घडवण्याचा मोह का होतो ते उघड आहे. ५.५६ मिमी या लष्करी रायफल काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या रेंजवर ढिगाने पडलेल्या असतात. त्यांची लांबी ४४.७ मिमी, ब्लॅकआउटची ३४.७. कापायची, डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) दाबून नवा खांदा (उतरता भाग) आणि मान (बुलेट धरणारा तोंडाजवळचा अरुंद भाग) काढायची, कडा घासायच्या. पैसे वाचतात, वेळ भरपूर जातो.

खरी मेख मानेत आहे. पुंगळीचं पितळ तोंडाकडून बुडाकडे जाड होत जातं. वरचा भाग कापला की जे आधी धड होतं त्याचीच मान होते, आणि ती जाड निघते. ७.८२ मिमीची बुलेट बसल्यावर मानेचा बाहेरचा व्यास जास्तीत जास्त ८.४८ मिमी चालतो, म्हणजे पितळाला प्रत्येक बाजूला जेमतेम ०.३३ मिमी. त्याहून जाड मान चेंबरमध्ये (रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीत) आवळते, बुलेट सुटायला जागा उरत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. म्हणून एकाच कारखान्याचा शिक्का असलेल्या पुंगळ्या निवडा आणि मानेची जाडी मायक्रोमीटरने मोजा. सरमिसळ शिक्क्यांच्या ढिगाला मी हात लावत नाही. ३०८ या रायफल काडतुसाच्या पुंगळीपासून ७ मिमी-०८ या दुसऱ्या काडतुसाची पुंगळी घडवताना ही अडचण फारशी येत नाही, कारण तिथे मान मानच राहते, फक्त थोडी अरुंद होते.

लष्करी पुंगळीत प्रायमरभोवतीची (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीभोवतीची) दाबलेली कड काढावी लागते. मान तापवून नरम केली तर ती लवकर तडकत नाही. मात्र बुडाला आच लागता कामा नये.

तयार पुंगळी महाग पडते, पण तिच्या बुडावर ती कोणत्या काडतुसाची आहे हा शिक्का बरोबर असतो. मला ही बाब पैशाहून मोठी वाटते. ब्लॅकआउटचं काडतूस काही बुलेटांसह ५.५६ च्या चेंबरमध्ये बसू शकतं, आणि झाडलं तर रायफल फुटते. घडवलेल्या पुंगळीवर जुना ५.५६ चाच शिक्का राहतो.

घरात दोन्ही रायफली असतील तर तयारच घ्या. फक्त ब्लॅकआउट असेल, महिन्याला शेकडो फैरी झाडत असाल आणि मोजमापाचा कंटाळा नसेल, तर घडवा, पहिल्यांदा वीसच.