‘दोन दिवसांत पॅड बसेल’ : हेडफोनच्या व्यवहारात गेलेले 13,130 रुपये

हे लिहिताना लाज वाटते, ते आधीच सांगून टाकतो. माझे वय 47 आहे. गेली नऊ वर्षे मी ध्वनिमुद्रित मुलाखती आणि बैठका ऐकून त्यांचा लेखी उतारा करण्याचे काम घरून करतो, म्हणजे दिवसाचे सात-आठ तास माझ्या डोक्यावर हेडफोन असतो, आणि तरीही हेडफोनच्याच व्यवहारात मला 13,130 रुपयांना गंडवण्यात आले. मला हेडफोनमधले काही कळत नव्हते म्हणून मी फसलो असे नाही. मला जे थोडेफार कळत होते, त्यातूनच मी त्या विक्रेत्यासाठी एकामागून एक सबबी शोधून देत गेलो, याचा राग अजून जात नाही.

माझा जुना हेडफोन एका जपानी कंपनीचा आहे, कान पूर्ण झाकणारा आणि बाहेरचा आवाज दाबणारा. नागपुरात एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत कूलरशिवाय खोलीत बसता येत नाही आणि कूलरची घरघर चालू असताना कोणी पुटपुटलेले वाक्य ऐकून लिहिता येत नाही, त्यामुळे ही सोय माझ्यासाठी चैन नाही. चार उन्हाळे काढल्यावर त्याच्या पॅडवरचे कृत्रिम चामडे सोलू लागले. हे चामडे म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. घाम, उष्णता आणि दमट हवा यांनी तो हळूहळू विघटित होतो आणि त्याचे काळे पापुद्रे सुटतात. कूलरसमोर बसणाऱ्याला या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. जेवायला बसताना पत्नी रोज म्हणायची, ‘‘अहो, आधी कानामागची काजळी पुसा.’’ आतला फोमही दबून बसला होता, त्यामुळे कानाची वरची कडा आतल्या जाळीच्या कापडाला टेकायची आणि दुपारी तीनच्या सुमारास तिथे ठणका लागायचा. हेडफोनचा आवाज, बॅटरी, बटणे हे सर्व उत्तम होते. बदलायचे होते ते फक्त पॅड. अधिकृत सेवा केंद्रात मूळ पॅडच्या जोडीची किंमत 1,890 रुपये सांगितली आणि मला ती जास्त वाटली. माझा सगळा मूर्खपणा या एका वाक्यात आला आहे.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी वर्तमानपत्रात एक पत्रक सरकवलेले होते. वर्धा मार्गावरील एका लॉनवर तीन दिवसांचा सेल आणि ‘नामांकित कंपन्यांचा ओपन बॉक्स माल’, म्हणजे खोके एकदा उघडलेला माल. असे सेल कसे चालतात, हे आपण सर्वच जाणतो. चौथ्या दिवशी तिथे मांडवाचे खांबही उरत नाहीत. पण बाजूच्या गाळ्यात फ्रीज आणि मिक्सर रीतसर विकले जात होते, सहकुटुंब आलेली माणसे होती, कार्ड चालत होते. कार्ड फक्त या एका टेबलावर चालत नव्हते, कारण ‘भाऊ, मशीनची रेंज गेली’. माझ्या जुन्या हेडफोनच्याच कंपनीचे नवे प्रारूप, खोक्यावर छापील किंमत 29,990 रुपये, आणि मागणी 9,500 रुपये. मी घासाघीस करून ती 8,500 वर आणली आणि आपण हुशारी केली, असे मला वाटले. मालाची खरी किंमत ज्याला माहीत असते, तो विक्रेता हजार रुपये इतक्या सहज सोडत नाही, हे तेव्हा डोक्यात आले नाही.

आता तो क्षण सांगतो, कारण रात्री झोप येत नाही तेव्हा मी त्याच क्षणाकडे परत जातो. त्याने हेडफोन माझ्या हातात दिला, मी चष्म्यासकट तो डोक्यावर चढवला आणि पहिल्याच सेकंदाला दोन्ही कानांच्या कडा आतल्या कापडाला टेकल्या. नव्या कोऱ्या हेडफोनमध्ये! चार वर्षे वापरून बसलेल्या पॅडमध्ये जे होत होते, नेमके तेच. मी अंगठ्याने पॅड दाबून पाहिला. चांगला मेमरी फोम दाबला की त्यावर अंगठ्याचा ठसा क्षणभर राहतो आणि मग तो सावकाश वर येतो. हा पॅड भांडी घासायच्या स्पंजासारखा टुणकन वर आला. माझ्या जुन्या हेडफोनच्या आतल्या कापडावर डावा-उजवा दाखवणारी मोठी अक्षरे आहेत. इथे नुसते काळे कापड होते. माझ्या कानांनी मला सांगितले, अंगठ्याने सांगितले, डोळ्यांनी सांगितले, आणि मी त्या पंचविशीच्या पोराला विचारले, ‘‘हा जरा कानाला लागतो का हो?’’

तो म्हणाला, ‘‘भाऊ, नवीन आहे ना. दोन दिवस लावा, पॅड बसेल.’’

या वाक्यात अर्धे खरे आहे, म्हणूनच ते चालून गेले. नव्या हेडफोनची पकड घट्ट असते, दोन्ही बाजूंनी डोके आवळल्यासारखे वाटते आणि वापराने ती खरोखर सैल होते. पॅडही चेहऱ्याच्या ठेवणीप्रमाणे थोडे दबतात. पण दबणे म्हणजे उथळ होणे. जो पॅड पहिल्याच दिवशी उथळ आहे, तो बसल्यावर आणखी उथळ होणार, कान आणखी टेकणार. तो खोल कसा होईल? पाचवीतल्या मुलालाही हे कळेल. मला हे घरी येऊन आठव्या दिवशी कळले. तिथे मी मान डोलावली, शेजारच्या एटीएममधून पैसे काढले आणि 8,500 रुपये रोख मोजून दिले. त्या दिवशी पारा 44 अंशांवर होता, लॉनवर पंखे गरम हवा फेकत होते आणि मला लवकर घरी जायचे होते. ही सबब आहे, मला ठाऊक आहे.

घरी कूलर सुरू करून आवाज दाबण्याचे बटण चालू केले, तेव्हा ‘टिंग’ असा आवाज आला आणि घरघर होती तशीच राहिली. इथेही मीच त्याची वकिली केली. आवाज दाबणारा हेडफोन बाहेरचा आवाज छोट्या मायक्रोफोनने टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडतो आणि कूलर, पंखा, विमान यांच्या संथ, एकसारख्या घरघरीवर ही युक्ती उत्तम चालते. पण त्यासाठी पॅड कानाभोवती घट्ट चिकटून बसावा लागतो. चष्म्याच्या दांडीने तिथे फट पडली की बाहेरचा आवाज आत येतो आणि गाण्यातला खर्जही पातळ होतो. मग काय, दोष माझ्या चष्म्याचा ठरला. मी दोन दिवस चष्मा न घालता, पडद्याला नाक लावून काम केले. घरघर तसूभर कमी झाली नाही. तिसऱ्या दिवशी कानाच्या कडेवर लाल वण उठला आणि पॅडखाली घामोळे आले. त्वचारोगतज्ज्ञांना दिलेले 500 रुपये वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

बिलावर मोबाइल क्रमांक होता. तो लागला, आणि फोन उचलणाऱ्याने मला ‘सर’ म्हणून इतक्या आपुलकीने ऐकून घेतले की मीच विरघळलो. ‘‘सर, तुमचे कान थोडे मोठे असतील, आपण तुम्हाला जाड पॅडचा किट पाठवू.’’ किटचे 1,450 रुपये आणि कुरिअरचे 180 रुपये मी यूपीआयने पाठवले. किटमध्ये दोन गोल पॅड आले. हेडफोनचे कप मात्र अंडाकृती होते. खोबणीत अडकणारी कडी तर नव्हतीच, मागे चक्क दुहेरी चिकटपट्टी होती. बसवण्यासाठी मी आधीचा पॅड उचकटला तेव्हा खाली वाळलेल्या गोंदाचे पिवळे ठिपके दिसले. या कंपनीचे पॅड गोंदाने लावलेले नसतात. ते खाचांमध्ये बसवलेले असतात आणि नखाने कडेकडेने ओढले की सुटतात. मी स्वतः जुन्या हेडफोनचे पॅड पुसण्यासाठी कितीदा तरी काढले आहेत. तेव्हा तरी मी थांबायला हवे होते. मी पुन्हा फोन केला. ‘‘सर, मग पूर्ण हेडफोनच बदलून देऊ, फक्त 3,000 रुपये सुरक्षा ठेव, माल पोहोचला की परत.’’ मी ती भरली. का भरली, याला माझ्याकडे उत्तर नाही. 10,130 रुपये आधीच गेले होते आणि ते गेले आहेत, असे स्वतःशी कबूल करण्यापेक्षा आणखी 3,000 पाठवणे मला सोपे वाटले. त्यानंतर तो क्रमांक बंद झाला.

मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर हेडफोन ठेवला. कंपनीने या प्रारूपाचे वजन 254 ग्रॅम जाहीर केले आहे. काट्याने 201 दाखवले. हे काम लॉनवर करता आले नसते, पण मोबाइलवर अनुक्रमांक तपासता आला असता. बिल नीट पाहिले तर जीएसटी क्रमांक 14 अक्षरांचा निघाला. तो 15 अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. पैसे देण्याआधी एवढे करा. रांगेतल्या मागच्या माणसाला चुळबुळ करू द्या.

यापुढची कथा सरकारी आहे. लाजेपोटी मी अकरा दिवस गप्प बसलो, हा माझा दोष. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर कळवा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच गोठवता येते. अकराव्या दिवशी मी घराजवळच्या ठाण्यात गेलो, तर लॉन आमच्या हद्दीत नाही, असे उत्तर मिळाले. लॉनच्या हद्दीतील ठाण्यात गेलो, तर पैसे ऑनलाइन गेले आहेत, सायबरकडे जा. सायबरच्या टेबलावर सांगण्यात आले की मुख्य रक्कम रोख दिली आहे, ती आमच्याकडे येत नाही, ठाण्यात जा. मी म्हणालो की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते, आणि ही संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. समोरच्या गृहस्थांनी पंख्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘काका, तुम्ही वकील आहात का?’’ मग आणखी एक प्रश्न आला, जो मी विसरणार नाही : ‘‘तुम्हीच पाठवले ना पैसे? कोणी चाकू लावला होता का?’’ अहो, चाकू लावला असता तर ती लूट झाली असती. फसवणूक म्हणजे माणूस स्वतःच्या हाताने देतो तीच! भारतीय न्याय संहितेत कलम 318 कशासाठी आहे? तीन ठिकाणी मिळून माझ्या पाच फेऱ्या झाल्या, आणि हातात आला तो एका साध्या अर्जावरचा शिक्का. बँकेने कळवले की व्यवहार आपण आपल्या पिनने केलेला असल्याने बँक काही करू शकत नाही. लॉनच्या मालकाने सांगितले की भाडे रोख मिळाले, नावगाव ठेवले नाही. तीन दिवस शेकडो माणसे आत घेणाऱ्याला गाळा कोणी घेतला हे ठाऊक नसते आणि त्याला ते कोणी विचारतही नाही, याचे आश्चर्य फक्त मलाच वाटत होते.

ग्राहक आयोगाचा मार्ग उघडा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पण अर्जात विरुद्ध पक्षाचा पत्ता लिहावा लागतो. माझ्या बिलावर पत्त्याच्या जागी ‘सीताबर्डी, नागपूर’ एवढेच आहे. बर्डीत या नावाचे दुकान आहे का, हे पाहायला मी मे महिन्याच्या दुपारी दोन तास गल्ल्या पालथ्या घातल्या. नाही.

शेवटी 1,890 रुपये देऊन मूळ पॅड आणले आणि जुन्याच हेडफोनवर चढवले. दहा मिनिटांचे काम होते. कान कशालाही टेकत नाही, चष्म्याची दांडी पॅडमध्ये अलगद बुडते, कूलरची घरघर दूर गेल्यासारखी होते. कोणाला बाहेरचे स्वस्त पॅड घ्यायचेच असतील तर आपल्या हेडफोनचे प्रारूप पाहून, आतल्या छिद्राची लांबी-रुंदी आणि खोली मोजून घ्यावेत. नुसते जाड पॅड लावले की कान आणि आतला स्पीकर यांतले अंतर बदलते आणि आवाजही बदलतो. नवा हेडफोन घेताना चष्मा घालून निदान वीस मिनिटे डोक्यावर ठेवा. विक्रेता ठेवू देत नसेल, तर दुकान सोडा.

हे सर्व मी गिळूनही टाकले असते. पण गेल्या आठवड्यात माझ्यासोबत उतारे करणाऱ्या एका सहकाऱ्याने त्याच सेलमधून, माझ्यानंतर दुसऱ्या दिवशी घेतलेला हेडफोन दाखवला. आम्ही दोन्ही खोकी शेजारी ठेवली. दोन्हींवर एकच अनुक्रमांक होता, शेवटचे चार अंक 4417. एकाच प्रकारे फसलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने मिळून एक तक्रार करू शकतात. आम्ही सध्या दोघे आहोत. ज्यांनी एप्रिलमध्ये वर्धा मार्गावरून असा हेडफोन घेतला आहे, त्यांनी खोक्याच्या तळाची पट्टी पाहावी, आणि अंक हेच असतील तर बिल, खोके आणि यूपीआयच्या नोंदी फेकू नयेत.