गल्याथ आमच्या छताला लागला: बायबलच्या गोष्टींची कृतिकार्डं, नऊ महिन्यांनंतर

मागच्या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या त्याच आठवड्यात, नणंदेनं मुलांसाठी एक संच पाठवला. बायबलमधल्या ५२ गोष्टी आणि प्रत्येक गोष्टीचं एक जाड कार्ड. पुढच्या बाजूला चित्र आणि गोष्ट, मागच्या बाजूला घरच्यांनी मिळून करायची कृती. संच मूळचा इंग्रजी, मराठीत भाषांतर केलेला. आता मार्च संपत आलाय. ५२ पैकी ३१ कार्डं झाली, त्यातली काही दोनदा झाली, आणि सहा मी ठरवून बाजूला ठेवली. संचाचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचं आहे ते अशा कुठल्याही संचाला लागू पडेल.

आमच्या घरी मुलगा दहा वर्षांचा, मुलगी पाच वर्षांची, आम्ही दोघं आणि सासूबाई. पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट. रविवारी मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना, त्याआधी मुलांची संडे स्कूल. तिथं मुलं सोनेरी वचन पाठ करून येतात, घडाघडा म्हणूनही दाखवतात. पण घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत अध्याय वाचायला घेतला की धाकटी मांडीवर झोपायची आणि मोठा पंख्याकडे बघत बसायचा. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना या गोष्टी घरात बसताना, वाटेनं चालताना, निजताना आणि उठताना शिकवायला सांगितल्या आहेत. आमच्याकडे त्यातलं फक्त निजताना एवढंच चाललं होतं, आणि तेही मुलांचं. याची मला मनापासून खंत होती, म्हणून संच हातात आल्यावर खूप आशेनं सुरुवात केली.

पहिले दोन महिने मात्र निराशेत गेले. कार्डावर लिहिलेलं सगळं मी जसंच्या तसं करत होते. बेकिंगच्या ओव्हनशिवाय न होणाऱ्या कृती, आमच्या किराणा दुकानात कधीच न दिसणारी बिस्किटं, कागदी थाळ्या, चमकीचा गोंद. शनिवारी संध्याकाळी सामान जमवण्यातच एक तास जायचा. दानीएलच्या कार्डावर कागदी थाळीचा सिंहाचा मुखवटा होता. दोघांनी सुंदर मुखवटे केले आणि आठवडाभर घरात डरकाळ्या फोडल्या. पुढच्या शनिवारी मी विचारलं, दानीएलाला गुहेत का टाकलं होतं? दोघांनाही सांगता आलं नाही. मोठा म्हणाला, "सिंहांना भूक लागली होती म्हणून." तेव्हा लक्षात आलं की मुखवट्यानं गोष्टच खाऊन टाकली.

ती गोष्ट आम्ही पुन्हा केली, या वेळी कार्ड न बघता. राजाशिवाय कुणाची प्रार्थना करायची नाही असा हुकूम निघालेला असतानाही दानीएल दिवसातून तीन वेळा यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी गुडघे टेकत होता. मुलानं पृथ्वीचा गोल काढून पुण्याहून यरुशलेम कुठल्या दिशेला ते शोधलं. पश्चिमेला, थोडं उत्तरेकडे झुकून. म्हणजे आमची स्वयंपाकघराची खिडकी. आठवडाभर सकाळी, शाळेतून आल्यावर आणि रात्री ती खिडकी उघडायची, एक वाक्य प्रार्थना करायची आणि बंद करायची, एवढीच कृती. खर्च शून्य. चौथ्या दिवशी मोठा म्हणाला, समोरच्या इमारतीतून सगळं दिसतं, लाज वाटते. मग मी त्याला सांगितलं, दानीएलाची खिडकीही लोकांना दिसत होती, त्यामुळेच तर तो पकडला गेला. त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. तिथून आमची गाडी रुळावर आली.

तेव्हापासून नियमच केला. आधी पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, मूळ अध्याय मोठ्यांनी वाचायचा आणि मग कृती घरात काय आहे त्यावरून ठरवायची. कार्ड फक्त गोष्ट निवडायला. आणि वाचताना जाणवलं की आपल्या मराठी पवित्र शास्त्रातल्या शब्दांतच निम्म्या कृती तयार आहेत.

दाविदानं हरवलेल्या धिप्पाड योद्ध्याचं, गल्याथाचंच घ्या. कार्डावर त्याची उंची फूट-इंचांत दिली होती आणि भिंतीवर चिकटवायला एक लांब कागद होता. पवित्र शास्त्र म्हणतं, सहा हात एक वीत. आता हात आणि वीत मोजायला फूटपट्टी कशाला हवी? मुलानं आधी स्वतःच्या हातानं मोजलं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. ३४ सेंटीमीटर. सहा हात आणि त्याची एक वीत मिळून गल्याथ सव्वासात फुटांच्या आतच आला. तो जरा हिरमुसला. मग बाबांचा हात मोजला, ४६ सेंटीमीटर, आणि वीत २२. सुतळी कापली, एक टोक फरशीवर धरलं आणि नवरा स्टुलावर चढला. आमचं छत साडेनऊ फुटांवर आहे. सुतळी छताला टेकली आणि वर चार बोटं उरली, ती छतावर आडवी चिकटवावी लागली. धाकटी त्या सुतळीखाली उभी राहिली, मान मागे टाकून वर बघत राहिली आणि हळूच विचारलं, "दावीद घाबरला नाही?" हाच प्रश्न मला कार्डावरून कधी विचारता आला नसता. (काही प्राचीन हस्तलिखितांत चार हात एक वीत असा पाठ आहे, म्हणजे साधारण पावणेसात फूट. मोठ्या मुलांना हे जरूर सांगा. शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या हातानं लिहून उतरवलं गेलं, हे त्यातून त्यांना कळतं.) सुतळी अजून तिथंच आहे. काढायला कुणी तयार नाही.

येशूला पाहायला झाडावर चढलेल्या बुटक्या जक्कयाच्या कार्डावर झाडाचं इंग्रजी नाव तसंच देवनागरीत लिहिलं होतं, मुलांना त्याचा काहीच बोध होईना. लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायात आपल्याकडे सरळ उंबर आहे. जक्कयाच्या यरीहो गावातलं ते झाड आणि आपला उंबर एकाच कुळातले, दोघांचीही फळं खोडाला आणि जाड फांद्यांना लगडतात. आमच्या इमारतीच्या मागं एक उंबर आहे. संध्याकाळी सगळे तिथं गेलो. मुलगा खालच्या फांदीवर चढला, नवरा खालून चालत आला आणि त्यानं हाक मारली, "जक्कया, लवकर खाली उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे." धाकटी गर्दी झाली होती. ती एकटीच असूनही तिनं भावाला वाट दिली नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी ओवी करायला सांगितली. मुलगा म्हणाला, ओवी तर संतांची असते. मग मी त्याला फादर स्टीफन्स यांच्याबद्दल सांगितलं. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात राहणाऱ्या या इंग्रज धर्मगुरूनं बायबलची कथा मराठी ओव्यांत लिहिली, आणि १६१६ साली ती छापली गेली. त्या रात्री झालेली ओवी अशी:

लहानखुरा जक्कय, उंबरावरी चढला
येशूनं हाक दिली, घाईनं तो उतरला

आता प्रत्येक गोष्टीची एक ओवी होते. वहीत २२ झाल्यात. माझ्या मते ही आमची सगळ्यात चांगली कृती, आणि ती संचात कुठंच नव्हती.

रूथच्या गोष्टीत सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेलं धान्य, वेचणं आहे. शहरातल्या मुलांना सरवा माहीत असायचं कारण नाही, पण सासूबाईंनी लहानपणी प्रत्यक्ष वेचलेला. त्यांनी ताटातली मूठभर ज्वारी फरशीवर फेकली आणि दोघांना एकेक दाणा वेचायला लावला. वाकून वाकून, बसायचं नाही. पाच मिनिटांत पाठ दुखते म्हणून दोघं ओरडले. "रूथ संध्याकाळपर्यंत वेचत होती," एवढंच सासूबाई म्हणाल्या. खमिराच्या, म्हणजे पीठ फुगवणाऱ्या आंबवणाच्या, दाखल्याला आंबोळीचं पीठ पुरतं, रात्री पातेल्यावर खूण करून ठेवायची. वल्हांडण सणाच्या बेखमीर (न फुगवलेल्या) भाकरीनं मात्र गोंधळ होतो, कारण आपली रोजची भाकरी बेखमीरच असते, मुलांना त्यात नवल काहीच वाटत नाही. शेजारी पाव ठेवून दोन्ही मोडून दाखवावे लागतात. मोहरीच्या दाण्याचा दाखला सोपा, मिसळणाच्या डब्यातून घ्या, ओल्या कापसावर चार दिवसांत मोड येतात. नाताळात गव्हाणी दाखवायला मिरजेजवळ नातेवाइकांच्या गोठ्यात घेऊन गेलो. गव्हाणीत हात घातल्यावर धाकटीला कडब्याचा काटा टोचला. बाळाखाली मऊ कापड घातलं होतं का, हे ती अजून विचारते.

आता जलप्रलयातून तारवात, म्हणजे मोठ्या जहाजात, वाचलेल्या नोहाविषयी. कार्डावर हसरा जिराफ आणि रंगीत होडी. तारू ३०० हात लांब. आम्ही दहा हातांची सुतळी केली आणि सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर मोजत निघालो. फाटक आलं तरी ३० सुतळ्या पुऱ्या झाल्या नाहीत, बाहेरच्या रस्त्यावर जावं लागलं. मुलं आनंदात होती. घरी येऊन मी गोष्ट वाचायला घेतली, पाणी वाढत गेलं या वचनांपर्यंत आले, आणि सासूबाई उठून आत गेल्या.

त्या सांगलीच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा त्यांच्या घरात पंख्यापर्यंत पाणी होतं. शेजाऱ्यांच्या गच्चीवरून त्यांना होडीतून काढलं. लग्नात मिळालेलं पवित्र शास्त्र भिजून दुप्पट फुगलं, ते त्यांनी अजून कापडात बांधून ठेवलंय. हे सगळं मला माहीत असूनही मी हसऱ्या जिराफाचं कार्ड त्यांच्यासमोर धरलं, याचं मला फार वाईट वाटलं. त्याच वेळी मुलानं विचारलं, "तारवात नव्हते त्यांचं काय झालं?" कार्डाच्या मागं याचं उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हतं.

दोन दिवसांनी सासूबाईंनीच ती गोष्ट पूर्ण केली. त्यांनी मुलांना सांगितलं की पाऊस ४० दिवसच होता, पण नोहा तारवात वर्षाहून जास्त काळ होता, कारण पाणी चढतं लवकर आणि उतरतं सावकाश. उतरल्यावर चिखल असतो आणि वास असतो. नोहा बाहेर आला तेव्हा त्यानं आधी घर बांधलं नाही, वेदी बांधली. मुलाच्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "ते मी पण देवाला विचारते." पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, अशा प्रश्नाला घाईनं गोड उत्तर देऊ नका. अब्राहाम आपल्या मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला निघतो ते कार्ड, मिसरातली (इजिप्तमधली) पहिली मुलं मरतात ते कार्ड आणि आणखी चार मी याच कारणानं बाजूला ठेवली आहेत. मोठ्यासोबत यातली काही यंदा वाचेन, धाकटीसोबत इतक्यात नाही.

योनाचं कार्डही अर्धवटच होतं. माशानं गिळलं, ओकलं, निनवे शहराला गेला, संपलं. पण खरा शेवट चौथ्या अध्यायात आहे. देवानं शहराचा नाश केला नाही म्हणून रुसलेल्या योनाला तो विचारतो की ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं त्या शहरात आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का? धाकटीनं लगेच आपले दोन्ही हात पुढे केले. चप्पल ती रोज उलटसुलट घालते. "म्हणजे माझी पण?" तिनं विचारलं. ज्या संचात हे वचनच गाळलंय त्यावर विसंबून राहू नका, अध्याय स्वतः वाचा.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. भाषांतर जागोजागी अडखळतं. नावं कुठं इंग्रजी उच्चाराप्रमाणे, कुठं मराठी शास्त्राप्रमाणे. एकाच संचात पीटर आणि पेत्र दोन्ही भेटले, आणि मुलं त्यांना दोन वेगळी माणसं समजली. कागद मात्र दणकट आहे, आमटी सांडूनही टिकला. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी घेऊ नका. आणि एक आठवड्याला एक गोष्ट हा वेग खूप आहे, आम्हाला दहा दिवस लागतात.

फेब्रुवारीत यहोशवाचं कार्ड आलं. कापणीच्या दिवसांत यार्देन नदी दुथडी भरून वाहत होती, इस्राएली लोक कोरड्या जमिनीवरून पार गेले, आणि नदीच्या मधोमधून त्यांच्या बारा वंशांच्या बारा माणसांनी एकेक धोंडा खांद्यावर घेऊन बाहेर आणला. पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कशाचे, तेव्हा त्यांना सांगा, असं तिथं लिहिलंय. ही गोष्ट सासूबाईंनी निवडली आणि सांगलीला जाऊन करायची असं त्यांनीच ठरवलं. पुरानंतर त्या नदीवर गेल्या नव्हत्या. आम्ही घाटाच्या पायऱ्या उतरलो. फेब्रुवारीतली कृष्णा, पाणी खाली गेलेलं, कडेचे गोटे उघडे. त्यांनी धाकटीचा हात घट्ट धरला होता आणि पहिला गोटा स्वतः उचलला.

ते गोटे आता दानीएलाच्या खिडकीत ठेवलेत. परवा शेजारची मुलगी आली होती, तिनं विचारलं हे दगड कशाला, आणि धाकटीनं नदीपासून सगळी गोष्ट तिला सांगितली, मधे आजीचं घर आणि होडीही आली. शेवटी दोघींनी मोजले तर तेरा निघाले. मोठा म्हणाला, वंश बारा होते, एक काढून टाक. तिनं एक गोटा मुठीत दाबून धरला. "हा आपला," ती म्हणाली.