पाम स्प्रिंग्जला एकच दिवस असेल तर: खाली वाळवंटात की वर सॅन हसिंटोवर?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं पाम स्प्रिंग्ज समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर, आणि गावाच्या डोक्याशी उभा असलेला सॅन हसिंटो डोंगर ३,३०२ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट. मधे लहानमोठ्या टेकड्यांची उतरंड नाही, रस्त्यावरून मान वर केली की थेट भिंतच. त्यामुळे इकडे येणाऱ्या प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला: पायथ्याच्या घळींत फिरायचं की ट्रॅमने, म्हणजे तारेवरून लटकत जाणाऱ्या डब्याने, वर जायचं? मी आधी विचारते, येताय कोणत्या महिन्यात?

नोव्हेंबर ते मार्चमध्ये येत असाल तर माझं मत खालच्या बाजूने. हवा छान असते आणि वाटा छोट्या आहेत. ताक्विट्झ कॅन्यनचा फेरा तीन किलोमीटरच्या आत संपतो, चढ शंभरेक मीटर. पण दगडी पायऱ्या उंच आहेत, गुडघे दुखत असतील त्यांनी विचार करावा. टोकाला साधारण १८ मीटरचा धबधबा आहे. हिवाळा कोरडा गेला असेल तर मात्र नुसती धार दिसते, सह्याद्रीतल्या पावसाळ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका.

मला स्वतःला अँड्रियास कॅन्यन जास्त आवडतं. दीड-दोन किलोमीटरचा फेरा, बाजूने ओढा आणि पंखापामची दाट राई. आपल्या माडाच्या झावळ्या वाळल्या की गळून पडतात, इथे त्या खोडालाच लोंबत राहतात आणि झाडाला जमिनीपर्यंत घागरा नेसवल्यासारखं दिसतं. उघड्या डोंगरातून आलेल्या माणसाला त्या सावलीत शिरताच गारवा जाणवतो. वाटेवर एका कातळात उखळं आहेत, अगदी आपल्या उखळासारखी गोल आणि आतून गुळगुळीत. इथल्या मूळच्या कवीया लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या धान्य-बिया कुटून ती पाडली आहेत. हा सगळा भाग आजही आग्वा कॅलिएंते कवीया जमातीच्या मालकीचा आहे, तिकीटही त्यांच्याच नाक्यावर काढायचं.

एक उपद्रव सांगते. चोया नावाचं निवडुंग लांबून लोकरीच्या गोळ्यासारखं गोंडस दिसतं, पण नुसता स्पर्श झाला तरी त्याचा तुकडा मोडून अंगाला चिकटतो. हाताने काढायला गेलात की हातात रुततो. मोठ्या दातांचा कंगवा जवळ ठेवा, तो तुकड्याखाली सरकवून झटका द्यायचा. माझ्या बुटाला चिकटलेला गोळा मी पहिल्यांदा बोटांनी काढायला गेले आणि नंतर अर्धा तास चिमटा घेऊन बसले होते.

उन्हाळ्यात हिशेब उलटा. जुलै-ऑगस्टमध्ये खाली पारा चाळीसच्या वर जाणं रोजचंच, आणि या घळीही मग फक्त शुक्रवार ते रविवार उघडतात. तेव्हा सरळ वर जा.

१९६३ पासून चालणारा ट्रॅम दहा मिनिटांत जवळपास १,८०० मीटर चढवतो. डब्याची फरशी जाता जाता गोल फिरते, त्यामुळे खिडकीसाठी भांडायची गरज नाही. प्रत्येक मनोऱ्यावरून जाताना मात्र डबा चांगलाच झुलतो, आणि सगळे एका सुरात ओरडतात. वर दार उघडलं की पाइनचा वास येतो. जेफ्री पाइनच्या सालीला नाक लावून बघा, व्हॅनिलासारखा वास येतो. हवा खालच्यापेक्षा पंधरा-वीस अंशांनीही गार असू शकते.

ट्रॅम डोंगर चढला, तुमचं शरीर नाही. २,६०० मीटरवर दहा मिनिटांत पोचल्यावर पहिल्या चढालाच धाप लागते, काहींचं डोकं दुखतं. शिवाय स्टेशनमधून बाहेर पडल्यावर फरसबंद वाट तीव्र उताराने लाँग व्हॅलीत जाते. जाताना मजा वाटते, पण परतीला तोच चढ शेवटी, पाय दमलेले असताना येतो. ज्येष्ठांना घेऊन गेलात तर डेझर्ट व्ह्यूचा छोटा फेरा पुरे, तोही हळूहळू. पुढे राउंड व्हॅली किंवा शिखराकडे जायचं तर लाँग व्हॅलीच्या चौकीवर विनामूल्य परवाना भरावा लागतो. शिखर जाऊन-येऊन सुमारे १८ किलोमीटर, चढ सातशे मीटर. शेवटच्या टप्प्यात वाट संपते आणि मोठमोठ्या दगडांवरून हात टेकत जायचं. हिवाळ्यात यावर बर्फ असतो, बुटांना लावायचे काटे नसतील तर शिखराचं नाव काढू नका.

आता तिसरा पर्याय, जो तरुण मंडळींना हटकून सुचतो: गावातून पायी चढून ट्रॅमने उतरायचं. या स्कायलाइन वाटेवर सुमारे २,४०० मीटरची चढण आहे आणि पाण्याचा थेंब नाही. एरवी डोंगरात दम संपला की माघारी फिरावं, इथे माघार म्हणजे भर दुपारी पुन्हा भट्टीत उतरणं. लोक दगावले आहेत. सराव नसेल तर हा विषय बंद.

मार्च किंवा नोव्हेंबर असेल तर सकाळी आठला अँड्रियास, दुपारी ट्रॅम, असं दोन्ही एका दिवसात बसतं. खाली येणाऱ्या शेवटच्या डब्याची वेळ आधी बघून ठेवा, आणि सप्टेंबरात येणार असाल तर ट्रॅम देखभालीसाठी बंद नाही ना, हेही. स्वेटर पाठीवरच्या पिशवीत आधीच कोंबा. खालच्या पार्किंगमधल्या उन्हात त्याची आठवण कोणालाच होत नाही. आमच्या घरात हे दोनदा झालंय.