इसबगोल की समुद्री शेवाळ?

मावशीचं कोलेस्टेरॉल जरा वाढलंय. इसबगोल घेऊ की समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्या (चिकट तंतूच्या) कॅप्सूल, हा तिचा प्रश्न.

काम दोन्हींचं सारखंच. पोटात चिकट जेल होतं, त्यात पित्ताम्लं (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ती, चरबी पचवणारी आम्लं) अडकून बाहेर पडतात. नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. फरक आहे तो पुराव्यात. इसबगोलाच्या माणसांवर भरपूर चाचण्या झाल्यात: रोज 10 ग्रॅमच्या आसपास घेतल्यास एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. अल्जिनेटची भिस्त बरीचशी उंदरांवर!

खर्चात इसबगोलच स्वस्त. मात्र भरपूर पाण्याशिवाय तो घशात अडकतो. अख्ख्या शेवाळाच्या पावडरीत आयोडीन फार, थायरॉइडवाल्यांनी जपूनच. (चायना ग्रासही शेवाळाचंच, पण गोड पुडिंगात औषध शोधू नये.)

म्हणून कोलेस्टेरॉलसाठी इसबगोल. शेवाळ आवडलं तर जेवणात, चवीपुरतं. डॉक्टरांची गोळी चालू असेल तर ती सोडायची नाही.