शेअरपॉइंट २०१९ : सात महिन्यांनंतर, आणि अपग्रेडनंतरच्या तपासणीबद्दल

वाळूजच्या एका कारखान्यात मी आयटी सांभाळतो. गाड्यांचे सुटे भाग बनतात. ड्रॉइंग, तपासणी अहवाल, ग्राहकांच्या तक्रारी, सगळं शेअरपॉइंट २०१३ वर होतं, म्हणजे कंपनीच्या फायली एका जागी ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरवर. त्याचा सपोर्ट ११ एप्रिल २०२३ ला संपला, म्हणून हलणं भागच होतं. लायसन्स २०१९ चं होतं, पण २०१३ वरून थेट २०१९ वर जाता येत नाही. मध्ये २०१६ चा मुक्काम करावाच लागतो. त्यामुळे डेटाबेस दोनदा चढवले.

शनिवारी रात्री शेवटचा डेटाबेस जोडला. सेंट्रल ॲडमिनमध्ये (शेअरपॉइंट सांभाळायच्या पानावर) अपग्रेड यशस्वी दिसत होतं, एररच्या लॉगमध्ये अडवणारं काही नव्हतं. प्रत्येक साइट उघडून पाहिली आणि पहाटे घरी गेलो.

सोमवारी पहिल्या पाळीला क्वालिटीतल्या ताईंचा फोन आला. "सर, ड्रॉइंग दिसायलंय, पण मंजुरीला पाठवायला गेलं की पुढं जाईना." खाली जाऊन त्यांच्याच कॉम्प्युटरवर पाहिलं. फाइल बरोबर, सगळ्या आवृत्त्या जागच्या जागी, फक्त मंजुरी अडकलेली. आमचे वर्कफ्लो, म्हणजे फाइल मंजुरीसाठी आपोआप पुढे पाठवणाऱ्या पायऱ्या, २०१३ पद्धतीचे. ते चालवणारा वर्कफ्लो मॅनेजर ही वेगळी सेवा आहे, ती डेटाबेसबरोबर येत नाही, नव्या फार्मला (शेअरपॉइंटच्या सर्व्हरांच्या संचाला) जोडावी लागते. ती जोडायची राहिली होती. आम्ही पानं उघडून पाहिली होती, बटण कुणीच दाबलं नव्हतं. चूक आमचीच.

दुपारी स्टोअरमध्ये बोभाटा झाला की फायली उडाल्या. उडालं काहीच नव्हतं. सर्च ज्यावरून फायली शोधतो ती जुनी सूची (इंडेक्स) सोबत येत नाही, सगळ्या फायली नव्याने वाचून ती बनवावी लागते (याला क्रॉल म्हणतात) आणि तो अजून चालू होता, म्हणून शोधल्यावर फायली सापडत नव्हत्या. मला हे माहीत होतं, पण लोकांना आधी सांगितलं नाही. तेवढा एक निरोप गेला असता तर दिवसभर फोन वाजले नसते.

त्यानंतर तपासणी पुन्हा केली, यावेळी लोकांना बसवून. जुना फार्म फक्त वाचण्यापुरता चालू ठेवला. एका स्क्रीनवर जुनं, एका स्क्रीनवर नवं. प्रत्येक विभागातल्या रोज काम करणाऱ्या माणसाने स्वतःच्याच लॉगिनने पाहायचं. याबद्दल मी फार आग्रही आहे. ॲडमिनच्या खात्यातून सगळंच दिसतं, त्यामुळे परवानग्यांची गडबड कळतच नाही. पगाराचं फोल्डर अकाउंट्सला दिसलं पाहिजे, हे सगळे तपासतात. ते शॉपफ्लोअरला दिसत नाही ना, हे मुद्दाम तपासावं लागतं. आमच्याकडे नको त्यांना दिसणाऱ्या अशा दोन लायब्ररी (फायलींचे साठे) निघाल्या.

आता वापराचं. मी समाधानी आहे. फाइलच्या नावात # चालतो, त्यामुळे ड्रॉइंग नंबर जसाच्या तसा लिहिता येतो. फाइलच्या पत्त्याची (फोल्डरांची आणि फाइलची नावं मिळून) मर्यादा २६० वरून ४०० अक्षरांवर गेल्याने सुरक्षा समितीची लांबलचक मराठी नावांची फोल्डरं आता अडत नाहीत. एक फाइल १५ जीबीपर्यंत चढते. नव्या धर्तीच्या याद्या मोबाइलवर नीट दिसतात, म्हणून लाइनवरचे सुपरवायझर तिथूनच नोंद करतात. स्वतः बनवून घेतलेली जुनी पानं मात्र जुन्याच रूपात राहिली, ती हळूहळू बदलतोय.

२०१९ च्या सपोर्टची मुदत १४ जुलै २०२६. त्यापुढची आवृत्ती सबस्क्रिप्शन एडिशन, तिथे २०१९ वरून थेट जाता येतं. त्यासाठी तपासणीची यादी आत्ताच केली आहे. पहिल्या ओळीत क्वालिटीच्या ताई, आणि समोर लिहिलंय : मंजुरीचं बटण दाबून पाहणे.